दुसरा ब्रेक

मास्तरांनी वाकवलेली तार मोरीच्या जाळीत घातली, दोनदा फिरवली आणि ओढली. तारेबरोबर केसांचा एवढा मोठा गुंता वर आला की क्षणभर त्यांना उंदीरच अडकल्यासारखं वाटलं. तुंबलेलं पाणी गटगट करत खाली गेलं. त्यांनी तो गुंता जुन्या कागदात गुंडाळला आणि बायको स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या आत कचऱ्याच्या डब्यात तळाशी दाबून टाकला.

"निघालं का काही?" आतून आवाज आला.

"साबणाचा चोथा होता."

खोटं बोलायला मास्तरांना हल्ली फारसा वेळ लागत नसे. वर्षभराचा सराव होता.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. टपावर लाल अक्षरांची पाटी लावलेली त्यांची छोटी पांढरी गाडी गावात कुणीही ओळखायचं. शिकणारा चाकामागे आणि मास्तर शेजारच्या सीटवर, त्यांच्या पायाशी दुसरा ब्रेक. पोरं घाबरली की ते म्हणत, "तू बिनधास्त चालव, मी बसलोय ना." अर्धं गाव त्यांनी चाकामागे बसवलं होतं. बायकोला तेवढं शिकवायचं राहून गेलं होतं.

ती पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. कापड कापायला वाकली की वेणी पुढे यायची, म्हणून ती कमरेला खोचून ठेवायची सवय तिला लग्नाआधीपासून होती. आता वेणी खोचायची गरज उरली नव्हती. शेपटीएवढी झाली होती, आणि भांगाची रेघ रुंदावत कपाळापासून मागपर्यंत पांढरी दिसायला लागली होती. मागच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने नवा पडदा परत आणून दिला. दुमडपट्टीत लांब केस शिवला गेला होता. मालक हसण्यावारी नेऊन मोकळा झाला, पण दुसऱ्या दिवसापासून ती डोक्याला रुमाल बांधून कामाला जाऊ लागली.

मास्तरांनी तेलं आणली. न सांगता आणली, महागातली आणली. शाम्पू बदलले, कंगवा बदलला, नळाला गाळणी बसवली. रविवारी स्वतःच्या हाताने तिच्या डोक्याला तेल चोळलं आणि चोळून झाल्यावर तळहात पाठीमागे लपवून मोरीत धुवायला गेले. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, म्हणून तर तेल एवढं महागातलं होतं.

कारण सगळं त्यांच्यापासूनच सुरू झालं होतं. वर्षापूर्वी त्यांची साखर काठावर आली आणि चढावर शिकवताना एकदा चक्कर येऊन ते सीटवरच कलंडले. शिकणाऱ्या पोराने प्रसंगावधान राखून गाडी कडेला घेतली. त्या संध्याकाळी हबकलेल्या मास्तरांना त्यानेच धरून घरी आणलं. मग मोबाईलवर कुठल्याशा आहारगुरूची भाषणं ऐकून त्यांनी जाहीर केलं, की आजपासून धान्य बंद, डाळ बंद, दूध, अंडी, तेल सगळं बंद. सकाळी फळ, दुपारी काकडी-टोमॅटो, रात्री कोबीचं सूप.

"तुझ्या ताटात दिसलं तरी माझा जीव जाईल," ते बायकोला म्हणाले होते. "घरात काही आणूच नकोस. करायचं तर दोघांनी."

तिने त्याच रात्री फळी रिकामी केली. डाळींचे डबे शेजारी देऊन आली.

मास्तर पट्ट्याची भोकं मोजत इमारतीत सगळ्यांना उपदेश करत हिंडू लागले. आणि तिसऱ्या आठवड्यात वळणावरच्या अंडीवाल्यापुढे त्यांची गाडी थांबली. एका पोरीला गाडी मागे घेऊन लावायला शिकवत होते, समोर पातेल्यातून वाफ येत होती. दोन उकडलेली अंडी आणि पाव, एवढंच. दुसऱ्या दिवशीही दोन. पुढे प्रत्येक शिकाऊ त्याच झाडाखाली, त्याच हातगाडीपुढे गाडी लावायला शिकू लागला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. रात्री मात्र ते बायकोसमोर बसून निमूटपणे कोबीचं सूप पीत, आणि ती म्हणे, "आज चेहरा टवटवीत दिसतोय तुमचा. मानवतंय बघा."

मोरी मोकळी केली त्याच दुपारी दोघं दवाखान्यात गेली. रक्त आधीच तपासून झालं होतं.

"शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ संपलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जेवता काय तुम्ही?"

बायकोने सकाळपासून रात्रीपर्यंतचं सगळं सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही.

"डाळ? दूध? अंडी?"

"घरात येत नाही."

"अहो, मग केस कशाच्या जोरावर टिकतील? शरीर काटकसरी बाईसारखं असतं. कमी पडलं की आधी ज्यांच्यावाचून चालत नाही त्यांना वाढतं. केसांची पंगत शेवटची. वरून काहीही चोळा, उपयोग नाही." त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. "चहाबरोबर घ्यायच्या नाहीत. आणि रोज नीट जेवायचं, अंडी, डाळी, पालेभाज्या. आधी गळणं थांबेल, मग नवीन येतील. काही महिने धीर धरावा लागेल. पण हे खूळ काढलं कुणी?"

मास्तर भिंतीजवळच्या वजनकाट्याकडे बघू लागले.

"दोघंही हेच खातो आम्ही," बायको म्हणाली. "यांची साखर वाढली होती ना."

डॉक्टरीणबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. कपाळावरचे दाट केस, भरलेले गाल. "हात बघू तुमचा." त्यांनी मास्तरांचं नख दाबून सोडलं. ते क्षणात गुलाबी झालं. मग त्यांनी शेजारी बायकोचा हात ठेवला. तिची नखं न दाबताच कागदासारखी होती. "तुम्हीसुद्धा हेच खाता?"

"हो," मास्तर म्हणाले. शब्द तोंडातून गेला आणि कानापर्यंत येताना त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"यांचा पिंडच मजबूत आहे," बायको चटकन म्हणाली. "लहानपणापासून."

डॉक्टरीणबाईंनी तिचा हात जरा जास्त वेळ हातात धरून ठेवला.

गाडीत ती नेहमीसारखी मास्तरांच्या रोजच्या सीटवर बसली. चुकून ब्रेक लागेल म्हणून पाय आखडून घेतले, हीसुद्धा नेहमीची सवय. गोळ्यांची पिशवी मांडीवर होती. डोक्यावरचा रुमाल सुटला होता, तो तिने पुन्हा बांधला.

मास्तरांनी गाडी सुरू केली. सांगून टाकावं, आत्ताच. पण काय म्हणून सांगायचं? तुझे केस मी मोरीतून काढत होतो, आणि काढून झाल्यावर कामावर जाताना अंडी खात होतो? त्यांनी दोनदा घसा खाकरला आणि दोन्ही वेळा आरसा नीट केला.

घरचा रस्ता त्या वळणावरूनच जायचा. मास्तरांनी गोदामांच्या बाजूने वळायला दिवा लावला.

"लांब कशाला? सरळच घ्या," ती म्हणाली.

त्यांनी दिवा बंद केला. वळण आलं. झाड आलं, हातगाडी आली, पातेल्यातली वाफ आली. मास्तर मुद्दाम दुसऱ्या बाजूच्या दुकानांकडे बघत राहिले. आणि गाडीचा वेग आपोआप उतरला. त्यांना वाटलं, बिघाड झाला. गाडी आणखी हळू झाली आणि हातगाडीपासून चार हातांवर थांबली. मास्तरांनी खाली पाहिलं. बायकोची चप्पल दुसऱ्या ब्रेकवर होती.

"इथे लावा," ती म्हणाली.

मास्तरांनी गाडी मागे घेतली. मागचं चाक फुटपाथवर चढलं. त्यांच्या हातून असं पूर्वी कधी झालं नव्हतं. त्यांनी ती तशीच तिरकी सोडली.

"या मास्तर! आज उशीर?" अंडीवाल्याने झाकण उचललं. "आणि आज नवीन शिकाऊ वाटतं?"

"जुनीच आहे," ती म्हणाली आणि बाकड्यावर बसली.

मास्तर उभेच राहिले. "तुला..."

"चौथ्या मजल्यावरची पोरगी नाही का तुमच्याकडे शिकायला होती? म्हणाली, काकू, मला गाडी कुठेही लावता येत नाही, फक्त अंडीवाल्यापुढे येते." ती जराशी हसलीसुद्धा. "पावसाळ्याच्या आधीची गोष्ट."

"मग तू का नाही खाल्लंस?" मास्तरांचा आवाज चिरकला. "तुला कळलं होतं, तर तू कशाला उपाशी राहिलीस?"

तिने गोळ्यांची पिशवी बाकड्यावर ठेवली.

"रात्रीचं तरी पाळत होतात. मी सोडलं असतं तर तुम्ही तेही सोडलं असतंत." तिने रुमालाची गाठ चाचपली. "त्या दिवशी तुम्हाला धरून आणलं होतं ना घरी. ते मी विसरले नव्हते. केसांचं एवढं होईल असं वाटलं नाही मला. आणि म्हटलं, एक माणूस तर पोटभर जेवतंय."

तिच्या बोलण्यात टोमणा असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. टोमणा नव्हता. ते तिच्या शेजारी बसले.

अंडीवाल्याने सवयीने दोन अंडी आणि पाव मास्तरांपुढे ठेवले. मास्तरांनी बशी तिच्याकडे सरकवली. तिने एक अंडं उचललं, मीठ लावलं आणि सावकाश खाल्लं, बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसाशी बोलावं तसं. मग दुसरंही खाल्लं. अंडीवाल्याने न विचारता आणखी दोन ठेवली.

"मला नको," मास्तर म्हणाले.

"खा," ती म्हणाली. "तुमची खायची वेळ झालीय."

मास्तरांनी अंडं तोंडात घातलं. तीच हातगाडी, तेच मीठ. वर्षभर जे अंडं दोन घासांत संपायचं, ते आज तोंडात फिरत राहिलं, खाली उतरेना. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. पावाचा तुकडा मोडता मोडता दुसऱ्या हाताने पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला.