पाठीवरचं तेल

"स्वल्प, जरासं थांबा सर, एकदा ठोकून तर बघू द्या!" गिरीधर ओरडला.

"चाचणी बघायला पाहुणे येऊन बसलेत, आणि तू सुतारपक्षी होणार?" मोहनकुमार सर खेकसले. "ठोक. पण लवकर!"

मित्रांनो, हे भांडण माझ्यावरून चाललंय. मी एक विटांची भिंत आहे. बेंगळुरूतल्या एका कॉलेजच्या शेडमध्ये उभी. ना घर, ना छप्पर. मला बांधलंच मुळी हलवायला. लोखंडी टेबलावर चढवून भूकंपासारखं गदागदा हलवणार.

यल्लाप्पा मेस्त्रीने माझ्यासारखीच एक बहीण बांधली होती. तिला आधी हलवलं, कापडबिपड न लावता. दोन हिसक्यांत ढिगारा! त्र्याण्णवला लातूरकडे घरं अशीच पडली. गिरीधरची अक्का तिथेच ढिगाऱ्याखाली गेली. तेव्हापासून तो या कामाला चिकटलाय. मला दोन्ही बाजूंनी काचेच्या धाग्यांचं कापड चिकटवलंय. विटा फुटल्या तरी कापड धरून ठेवणार. मी टिकले तर जवळच्या आनेकल गावातल्या शाळेच्या भिंतींना हेच लागणार. पडले तर सर सगळं गुंडाळणार.

पण घोळ झालाय. कापड लावायच्या आदल्या दिवशी आयुधपूजा होती. सगळ्या मशिनींना कुंकू लागलं. शेड झाडणारी सुनंदाक्का म्हणाली, "हिला का वगळायचं? ही पण कामाचीच की!" कुंकू ओघळू नये म्हणून तिने ते तेलात कालवलं आणि माझ्या पाठीवर हे एवढाले पट्टे ओढले. मी केवढी खूश! जन्मात कुणी नटवलं नव्हतं मला. सकाळी यल्लाप्पाने पाणी मारून पुसलं. लाल गेलं, तेल आत मुरलं. त्यावरच कापड डकवलं. तिथे ते नुसतं टेकलंय. धरलेलं नाहीच.

मला सगळं कळतंय, आणि तोंड नाही!

आला गिरीधर. बोटाने ठोकतोय. टण. टण. अरे, पुढून नको रे! पाठीवर ठोक, पोकळ वाजेल! मूर्खा, मागे ये ना!

"सरी आहे सर, एकदम ठीक!" तो हसला. मग माझ्यावर हात फिरवून हळूच म्हणाला, "उभी राहा गं बाई."

मित्रांनो, तुम्हाला तरी ऐकू येतंय ना? कापड लावण्याआधी भिंत खरवडा. कोरी वीट दिसेपर्यंत खरवडा, देवाचं कुंकू असलं तरी. आणि ठोकायचं तर दोन्हीकडून...

साखळी आवळली. क्रेनने उचललं मला. मला आता निघायला हवं.