विरलेली जाळी

हॉटेलच्या धुलाईखान्यात उभा जन्म घालवलेल्या माणसाला ‘विरली’ या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक असतो. चादर उजेडापुढे धरायची, मधोमध पातळ दिसली की विरली म्हणायचं आणि फडक्यांच्या ढिगात टाकायची. त्यामुळे सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत समाधानाने “जाळी छान विरलीय” म्हणाल्या, तेव्हा सदरा वर करून पडलेला धाकटा दचकून अर्धा उठलाच.

धाकटा पंचावन्न वर्षांचा होता. पण थोरले दादा त्याला धाकट्या म्हणत, म्हणून बायकोपासून मुकादमापर्यंत सगळ्यांचा तो धाकटाच. दादांचे पाय कधीचे गेले होते. त्यांना पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून न्हाणीघरात उचलून न्यायचं काम धाकट्याकडे होतं. मग त्यालाच हर्निया झाला. सर्जननी आतून जाळी लावली आणि शेवटची सोनोग्राफी होईपर्यंत जड उचलायचं नाही, अशी तंबी दिली. बायको आणि शेजारी मिळून दादांना कसंबसं हलवू लागले. त्यात बायकोचं मनगट सुजून बसलं. अखेर दादांनीच फोनाफोनी करून वृद्धाश्रमात जागा मिळवली. येतो की नाही ते उद्या कळवायचं होतं.

धाकट्याला ते मुळीच नको होतं. आई गेल्यावर त्याला न्हाऊमाखू घालणारे दादा परक्यांच्या हाती द्यायचे, या विचाराने त्याला रडू यायचं. म्हणजे सगळी भिस्त त्या जाळीवर, आणि जाळीनेच दगा दिला होता. पहिल्या तपासणीत पडद्यावर चांगली ठसठशीत रेघ होती. दुसऱ्या वेळी ती फिकटली, तेव्हाच त्याला शंका आली होती. पण घरी त्याने ब्र काढला नव्हता. आज तर रेघच नाही.

“मग गेली कुठे ती?” त्याने विचारलं.

“अंगात जिरली. ती विरणारीच होती. सर्जननी सांगितलं नव्हतं?”

सांगितलं असणार. ऑपरेशनच्या आधी सर्जन बरंच बोलले होते आणि धाकटा भेदरून प्रत्येक वाक्याला शहाण्यासारखी मान डोलावत होता. डोक्यात एक अक्षर शिरेल तर शपथ.

“आता नवी बसवायची का?” तो चाचरत म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला खोकायला लावलं, मग श्वास कोंडून पोटाला जोर द्यायला लावला. पडद्यावरच्या एका जाड पट्ट्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “हे तुमचं स्वतःचं आहे. जाळीच्या आधाराने भरून आलं. आता तिची गरज नाही.” धाकट्याला सगळं सारखंच करडं दिसत होतं. तरी त्याने मान डोलावली, आणि मग स्वतःचाच राग येऊन पुन्हा विचारलं. बाईंनी पुन्हा सांगितलं. त्याला पुन्हा कळलं नाही.

शेजारच्या खोलीत सर्जननी रिपोर्ट वाचून पाठ थोपटली. भावाला उचला, गुडघ्यांत वाकून, बेताने, असं ते म्हणाले. धाकटा बाहेर पडला तो पार गोंधळून. नवी विजार शिवून घ्यावी आणि ती विरली म्हणून शिंप्याने अभिनंदन करावं, तसला प्रकार. आनंद करायचा की घाबरायचं, हे त्याला घर येईपर्यंत ठरवता आलं नाही.

दादा पलंगावर टेकून बसले होते. काय म्हणाले, असं त्यांनी विचारलं. जाळी मजबूत आहे म्हणावं आणि मोकळं व्हावं, असं धाकट्याच्या मनात आलं होतं. पण दादांपुढे त्याला लहानपणापासून खोटं जमत नसे.

“जाळी राहिली नाही, दादा.”

“मग धरलंय कशाने?”

“माझंच आहे म्हणे काहीतरी. मला नीट कळलं नाही.”

दादांनी त्याच्या पोटाकडे पाहिलं. मग म्हणाले, “धाकट्या, तू माझ्यापायी फाटलास. परत नको. मी उद्या हो म्हणून कळवतो.”

गुडघ्यांत वाकून धाकट्याने दादांच्या पाठीखाली एक हात घातला, मांड्यांखाली दुसरा. दादांनी अंग सैल सोडलं होतं, हात मुद्दाम बाजूला ठेवले होते.

“मानेला धरा की,” धाकटा म्हणाला.

बऱ्याच वेळाने दादांनी धरलं. धाकटा उठला. पोटात काहीतरी फाटेल म्हणून तो श्वास धरून थांबला. काही फाटलं नाही. कुठे दुखलंही नाही. आत नेमकं काय धरून आहे ते त्याला अजूनही समजत नव्हतं, आणि डोळ्यांतून पाणी मात्र येत होतं. खुर्ची शेजारीच होती.

“ठेव आता खाली,” दादा म्हणाले.

“थांबा जरा,” धाकटा म्हणाला, आणि त्यांना घेऊन तसाच उभा राहिला.