खाचेतला हिरवा ठिपका

विज्ञान कुणाच्या बापाची भीड धरत नाही, असं लिडिया गावित तालुक्याच्या कॉलेजात दरवर्षी पहिल्याच तासाला सांगायची. आज खुद्द बापालाच काही सांगायचं होतं, तर तासभर ती कोंबड्या आणि चर्चचं गळकं छप्पर यांवर बोलत बसली होती.

बाप, म्हणजे बुध्या, खाटेवर पाय पसरून होता. उजव्या पायाची दोन बोटं साखरेनं आधीच नेली होती. त्याच्या डोक्यावर भिंतीला येशूचं कॅलेंडर, आणि शेजारी, जरा मोठ्या चौकटीत, लिडियाचं चित्र. पोटातल्या पिठाची साखर करणाऱ्या एन्झाइमचं. करड्या रिबिनींचा गुंता, मधे खाच, खाचेत हिरवा ठिपका. हा ठिपका म्हणजे बुध्या साखरेवर औषध म्हणून घ्यायचा त्या झाडाच्या सालीतला रेणू. तोंडात बोळा कोंबावा तसा एन्झाइममध्ये बसलेला. मग भात खाल्ला तरी साखर सावकाश व्हायची.

साल डोंगरातली. झाडाचं नाव सांगितलं की गुण जातो, म्हणून बुध्यानं ते सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं. पोरीला सांगितलं, पीएच.डी.चा प्रश्न होता. पाच वर्षं खपून लिडियानं सालीतून रेणू वेगळा काढला, एन्झाइमचे मिठाच्या कणाहून बारीक स्फटिक वाढवले, ते त्या रेणूच्या पाण्यात भिजवले, गोठवले आणि पुण्याला नेऊन क्ष-किरणांसमोर धरले. चित्र आलं तेव्हा कॉलेजचा शिपाई पितांबर म्हणाला, "मॅडम, तुमना बापनी साल फोटोमा उनी." बुध्यानं चित्राला चौकट केली आणि दवाखान्याच्या गोळ्या बंद केल्या. पुरावा भिंतीवर असताना गोळ्या कशाला?

परवा तिच्या शोधनिबंधावर परीक्षकाचं पत्र आलं. दोनच ओळी. गोठवताना स्फटिक फुटू नयेत म्हणून जे द्रव्य वापरलंत, तेच खाचेत बसवून पाहिलंत का? लिडियानं संगणकावर ठिपक्याच्या जागी ते बसवून पाहिलं. तंतोतंत बसलं, रेणूपेक्षाही बरं. त्याच संध्याकाळी आईचा, मार्थाचा, फोन आला: डाव्या पायाचा अंगठा काळा पडतोय.

शेवटी मार्थाच बुध्याला म्हणाली, "ती कोंबड्या मोजायला आलेली नाही. काय म्हणते ते ऐक."

लिडियानं सांगितलं.

"म्हणजे साल आत नाही?"

"नाही, पप्पा."

"मग कोण बसलंय?"

"आम्हीच घातलेलं एक द्रव्य. थंडीसाठी."

बुध्यानं मान वर करून चित्राकडे पाहिलं. सालीला गुण नाही असं यातून ठरत नाही, फक्त आपल्याला माहीत नाही एवढंच ठरतं, असं ती घाईघाईनं समजावू लागली. त्यानं हातानं थांबवलं.

"तुझं काही चुकलं नाही. मी नाव सांगितलं ना, तेव्हाच गेली ती."

यावर लिडियाकडे उत्तर होतं. पाच वर्षांचं होतं. तिनं ते दिलं नाही. गोळ्यांची पट्टी पुढे केली. बुध्यानं गोळी गिळली, उद्या दवाखान्यात यायलाही कबूल झाला. मार्था चित्र उतरवायला स्टुलावर चढली, तर म्हणाला, "राहू दे. पोरीनं काढलंय."

त्या द्रव्याला ग्लिसरीन म्हणतात. नवापूरच्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. तोंड आलं की लावतात.