रुंद पंजाचे बूट

"हा पाय हाये का फावडं हाये, बापा?" देवमनच्या पायात अडकलेला बूट खेचून काढता काढता दुकानदाराला घाम फुटला.

अकोल्याच्या बाजारातलं हे तिसरं दुकान. लांबीला बसे त्या बुटात करंगळी चेपायची, रुंदीला बसे त्यात टाच वरखाली व्हायची. देवमन बिचारा लाजून चूर झाला होता. त्याचा बाप पुंजाजी मात्र समोर उकिडवा बसून पोराच्या पायांकडे टक लावून बघत होता. सडकेच्या गँगमध्ये मुरूम पसरण्यात त्याचा जन्म गेलेला. त्याच मुरमावरून देवमन रोज पहाटे पळायचा, आणि मागे उमटलेली पावलं बापाला पाठ झाली होती.

"पोरगं बाहीरच्या कडेवर पाय टाकते शेटजी, मंग अंगठ्यानं रेटते. कड मजबूत पायजे. अन् बोटायले जागा पायजे."

"बुढ्या, तू बूट पाहून राहिला का सोयरीक जमवून राहिला?" दुकानदार हसला. पण माणूस दिलदार. माळ्यावर चढला आणि धूळ खात पडलेला, रुंद पंजाचा कॅनव्हासचा एक जोड त्यानं खाली आणला.

देवमन गल्लीच्या टोकापर्यंत पळत गेला आणि परत आला. काय ते त्याचं तोंड! "बा, पायात काईच नाई असं वाटते!"

पुंजाजीचे डोळे भरून आले. बायकोनं, इंदूबाईनं जीव लावलेली बकरी या बुटांपायी विकली गेली होती, पण त्याला आता तिचं वाईट वाटेना. बाळापूरच्या शर्यतीत पहिला येईल त्याला पोलिसात घेऊ, असं पोलीस साहेबांनी जाहीर केलं होतं. वयाच्या अटीत देवमन या साली शेवटचाच बसत होता. आणि नियमच होता, अनवाणी पोरगं शर्यतीत चालणार नव्हतं.

शर्यत बाळापूरहून निघून पुंजाजीच्या गावातून वळून परत जायची होती. वळणावरच खुशालराव पाटलांचं दार. त्या दारापुढून पुंजाजीच्या घरचं कुणी कधी पायात घालून गेलं नव्हतं. वहाणा हातात घ्यायच्या, मान खाली घालायची आणि निघायचं. देवमनला पाचव्या वर्षी बापानंच ते शिकवलं होतं. आता धम्मदीक्षा घेऊन दोन वर्षं झाली होती. पाटील गेल्या पोळ्याला वारले होते. वस्तीतली पोरं तिथून चपला फटफटवत जायची. देवमनला चपलाच नव्हत्या, म्हणून त्याच्यावर तशी वेळच आली नव्हती.

शर्यतीच्या दिवशी वळणावर गर्दी जमली. सगळ्यांच्या पुढे देवमन! मागचे बरेच लांब. काय ती चाल, काय ते पाऊल पडत होतं!

"पय, लेका, पय!" पुंजाजी बेभान ओरडत होता. देवमन पाटलांच्या दाराशी आला. ओट्यावर पाटलांची ती आरामखुर्ची होती. रिकामी.

"देवमन! पायातलं काढ!"

आपण काय बोललो, हे पुंजाजीला ओरडून झाल्यावर कळलं. देवमननं मागं वळूनही पाहिलं नाही. तो जागच्या जागी वाकला. नाडीची गाठ सुटेना तर त्यानं बूट ओढून काढले आणि हातात घेऊन, मान खाली घालून तो पुढे निघाला. दोघं त्याला मागं टाकून गेले.

"अरे घाल! घाल बापा, घाल!" आता कोण ऐकतं?

एवढं होऊनही बाळापुरात पहिला आला तो देवमनच. पायाची सालटं निघालेली, बूट हातात. साहेबांना वाईट वाटलं, पण नियम तो नियम. नोकरी त्याच्या मागून आलेल्या पोराला मिळाली.

रात्री इंदूबाईनं विचारलं, "काहून वरडले तुमी? कोन बसलं होतं तिथं?"

"कोनी नाई," पुंजाजी म्हणाला.

"जाऊ दे, माय," देवमन भिंतीकडे तोंड करून बोलला. "त्यायनं सांगतलं, पन काढले तं मीच ना. काहून काढले, मले बी समजून नाई राहिलं."

सोमवारी तो बापाच्या मागं सडकेच्या कामावर गेला. अनवाणी. बूट घरी खुंटीला.

त्या संध्याकाळी पुंजाजी एकटाच घरून निघाला. मनाशी पक्कं केलं होतं, आज त्या दारापुढून ताठ जायचं, वहाणा घालून. पोराचं तर वाटोळं झालं, निदान आपण तरी जायचं. आणि तो गेला. कुणी हटकलं नाही. ओट्यावर कुणी नव्हतंच. दार मागं पडलं, लिंबाचं झाड आलं, तेव्हा कुठं त्यानं खाली पाहिलं.

वहाणा हातात होत्या.