पंधरा मिलीलीटर

‘तुम्ही माझ्या बहिणीला कोरडी ठरवलंत,’ असं म्हणत थोरलीनं दुधाचा कप डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात ठेवला. ‘पंप बघून कुठल्या आईला पान्हा फुटतो?’

कपात पंधरा मिलीलीटर. नियम एका वेळेला तीसचा. तीस भरल्याशिवाय बाळाच्या नाकातली नळी निघणार नव्हती, आणि नळी निघाल्याशिवाय ते घरी जाणार नव्हतं. अंगावर पाजायला मिळायचं, पण ते ‘सवयीपुरतं’. हिशेबात धरायचं नाही. धाकटी मान खाली घालून दूध काढायचा पंप पुसत बसली होती. पुसण्यासारखं त्यावर काही उरलं नव्हतं.

‘नियम मी केलेला नाही.’

‘मग केला त्याला बोलवा. म्हणावं, तू दाखव पाजून.’

सिस्टरनं हसू गिळलं. ‘मॅडम, पाजण्याआधी वजन करू आणि पाजल्यावर. वाढेल तेवढं पोटात गेलं.’

डॉक्टरीणबाईंनी काट्याकडे हात केला. ‘करा. एकदाच.’

बाळ कपड्यांसकट काट्यावर गेलं. एक हजार नऊशे साठ ग्रॅम.

मग ते छातीशी आलं. थांबत, धापा टाकत, पुन्हा ओढत राहिलं. धाकटीला त्याची कानशिलं हलताना दिसत होती. बाकी काहीच दिसत नव्हतं. शेवटी ते तोंड उघडं टाकून झोपलं. थोरलीनं त्याला उचललं, आवरलं, काट्यावर ठेवलं.

एक हजार नऊशे ऐंशी.

‘वीसच,’ सिस्टर हळूच म्हणाली.

धाकटीनं डोळे मिटले. उघडले तेव्हा नजर थोरलीच्या मुठीवर गेली.

‘ताई, हातात काय आहे?’

‘लंगोट. भिजलावता, बदलला. गारठला असता की उंदीरमामा.’

‘वजनाआधी बदललास?’

‘अगं, हात आपोआप…’ थोरलीनं जीभ चावली.

‘ठेव तो काट्यावर. तेही त्याच्यातलंच आहे.’

सिस्टरनं कोरडा लंगोट काढला, ओला बाळाच्या पायाशी ठेवला. आकडे थरथरले आणि थांबले. एक हजार नऊशे अठ्ठ्याण्णव.

‘अडतीस ग्रॅम,’ सिस्टर म्हणाली. ‘दूध पाण्याहून किंचित जड असतं. म्हणजे सदतीस मिलीलीटर धरा.’



धाकटी त्या आकड्यासमोर हात जोडल्यासारखी उभी राहिली. कपात दूध नुसती जागा अडवायचं. इथं ते कुठल्याही भांड्यात न पडता, कुणाच्याही नजरेला न येता एका देहातून दुसऱ्या देहात गेलं होतं आणि तिथं त्याचा भार झाला होता. ती जेवढी हलकी झाली, तेवढं ते जड झालं होतं. काट्यानं थेंबही वगळला नव्हता, मुतलेलासुद्धा.

तिनं बाळाला उचलून खांद्याशी धरलं.

‘नळी आत्ता काढताय ना?’

डॉक्टरीणबाई अजून काट्याकडेच बघत होत्या.

‘तिकडे नको, बाई,’ धाकटी म्हणाली. ‘माझ्याकडे बघून सांगा.’