कोपरा फाडलेलं कार्ड

सत्यभामाबाई वारल्या. तासाभरानं त्या स्वतःच्या ओट्यावर बसून पिठलं-भाकर खात होत्या, आणि त्या वारल्या होत्या ही गोष्ट कोणीच काढत नव्हतं.

त्याआधी किसनराव वरवट बकालच्या शाळेच्या दारात टोपी हातात धरून रडले होते. सिंधू तिथं मास्तरीण. तिचं लग्न त्यांच्या मुलाशी, शालिग्रामशी, वैशाखात ठरलेलं. किसनराव आणि त्यांची बायको रुख्मिणीबाई मोताळ्याहून पहिल्या एसटीनं आले होते. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून रुख्मिणीबाईंच्या हातात फडक्यात बांधलेलं पिठलं-भाकर.

"पोरी, तुही माय गेली व," किसनराव म्हणाले.

सकाळी आई घोरत होती. सिंधूनं खडू ठेवला आणि तिथंच रजेचा अर्ज लिहिला. आई वारल्याकारणाने, दहा दिवस. अक्षर नेहमीसारखं गोल आलं. खाडाखोड नाही.

रस्त्यानं ती पुढं, पाहुणे मागं.

"हळू चाल व माय," रुख्मिणीबाई दोनदा म्हणाल्या.

ओट्यावर सत्यभामाबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी पदर सारखा केला.

"आले का? बसा ना."

किसनरावांनी खिशातून पोस्टकार्ड काढलं. एक कोपरा फाडलेला. मयताचं कार्ड असंच येतं. ते घरात नेत नाहीत, दारातच वाचून फाडून टाकतात. यांच्यानं फाडवलं नव्हतं. 'सत्यभामाबाई वारल्या. लगन थांबवा.' सिंधूला अक्षर ओळखायला वेळ लागला नाही. मागच्या हिवाळ्यात पाटीवर हात धरून तिनंच आईला लिहायला शिकवलं होतं.

रुख्मिणीबाईंना काय करावं सुचेना. त्यांनी फडकं सोडून पिठलं पुढं ठेवलं. सत्यभामाबाईंनी भाकर मोडली.

"मीठ कमी हाय."

"घाईत केलं ना," रुख्मिणीबाई ओशाळून म्हणाल्या.

मग कपाशीचं बोलणं झालं. आपल्याच वाचण्यात काही चुकलं असेल, असं किसनराव जमिनीकडे बघत म्हणाले. चहा कोणी घेतला नाही. दुपारच्या एसटीनं ते गेले. वैशाखाचं नाव निघालं नाही.

"काऊन केलं असं?" सिंधूनं विचारलं.

"मयत झाली का वर्षभर लगन थांबते."

"अन् वर्षभर तू कुठं असती?"

"इथंच. तुह्याजवळ." सत्यभामाबाईंनी उरलेलं पिठलं झाकून ठेवलं. "तू गेल्यावर मले कोण हाय?"

सिंधू चपला काढायला वाकली. गावातल्या गावात मेलेल्या आईची बातमी मोताळ्याहून का आली, हे शाळेपासून घरापर्यंत तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं. चपलेचा अंगठा तुटला होता, तोही तिला आत्ता दिसला. इतक्या घाईनं ती चालली होती.

संध्याकाळी ती अर्ज परत घ्यायला गेली. मुख्याध्यापक जानरावांनी सही करून ठेवली होती.

"लई वाईट झालं, बाई."

"आई हाय, सर."

जानरावांनी चष्मा काढला, पुसला, लावला.

"मंग हे कारण नाही चालत. रजा पाहिजे तर दुसरं कारण लिहा."

सिंधू बाकावर बसली. या खेपेला तीनदा खाडाखोड झाली. मग तिनं कागद त्यांच्या पुढं सरकवला.

'महोदय, माझी आई हयात असल्याकारणाने मला दहा दिवसांची रजा मंजूर व्हावी, ही नम्र विनंती.'