अकरा आठवडे

सरांनी अर्जाचं शेवटचं पान वर घेतलं आणि तिथून वाचायला सुरुवात केली. कुठलाही कागद मागून पुढे वाचायचा, ही त्यांची जुनी खोड. पहिल्या पानावर माणूस सावध असतो, शेवटच्या पानापर्यंत दमतो आणि खरं लिहून जातो, असं ते म्हणत. अठरा वर्षांत त्यांचे केस पांढरे झाले होते, चष्मा जाड झाला होता, पण खोड शाबूत होती. समोरच्या खुर्चीत अवघडून बसलेल्या तिला त्या एका गोष्टीने हायसं वाटलं.

"नीतीच्या परीक्षेत शहाण्णव टक्के," सर म्हणाले. "म्हणजे पन्नासातले दोन चुकले. कुठले?"

"कुठले ते सांगत नाहीत, सर. नुसते टक्के कळवतात."

"पुस्तक समोर उघडं ठेवून परीक्षा, आणि तरी दोन चुकले."

ती हसली. नव्वदच्या खाली गेलं की नापास, हे तिने सांगितलं नाही, कारण ते सरांना ठाऊक होतं. या परीक्षेवर त्यांचा राग होता. आता हिशेबतपासनीसाच्या परवान्याचं नूतनीकरण करणाऱ्या जुन्या मंडळींनाही ती सक्तीची झाली होती, आणि पंचेचाळीस वर्षं सह्या केल्यावर आपण कुणाच्या तरी नातवाने काढलेल्या प्रश्नांना टिकमार्क करत बसायचं, हे त्यांना साफ नामंजूर होतं. त्यापेक्षा परवानाच सोडून द्यायचा त्यांनी ठरवलं होतं. महिनाअखेर त्याची मुदत संपत होती. म्हणून तर ती रजा टाकून आज इथे आली होती.

बाकी सगळं झालं होतं. विषयांचे पेपर तिने संसार सांभाळत, दर दोन-तीन वर्षांनी एक, असे सोडवले होते. लेक बारावीला असताना आईही परीक्षेला बसते, याची घरात भरपूर थट्टा झाली होती. नीतीची परीक्षा गेल्या महिन्यात पार पडली. आता उरला होता अनुभवाचा दाखला: परवानाधारकाच्या हाताखाली एकशे चार आठवडे काम. अनुभव कितीही जुना चालत होता, पण सही करणाऱ्याचा परवाना सहीच्या दिवशी जिवंत हवा. कारखान्याच्या हिशेबखात्यातली तिची सोळा वर्षं यात धरत नव्हते, कारण तिथे परवानाधारक कुणी नव्हताच. वर्षातून एकदा बाहेरून कुणीतरी येई, तिने तयार केलेला ताळेबंद चाळून खाली स्वतःची सही ठोकी आणि चहा पिऊन जाई. एकदा तरी त्या जागी आपलं नाव असावं, एवढंच तिला हवं होतं.

"आठवड्यांचा रकाना कोरा का?"

"मस्टर बघून भरावं म्हटलं. माझ्या लक्षात नक्की आकडा नाही."

हे अर्धंच खरं होतं. सर उठले आणि भिंतीतल्या कपाटातून जुनी मस्टरं काढू लागले. आतल्या खोलीतून सरांच्या पत्नीने, काकूंनी, विचारलं की पेन्सिल आलीय का, चहात साखर किती. पेन्सिल हे तिचं इथलं नाव. केसांच्या अंबाड्यात हिरवी पेन्सिल खोचून ती दिवसभर काम करायची आणि संध्याकाळी तशीच घरी जायची, त्यावरून पडलेलं.

ऑफिस तेव्हा असं घरात नव्हतं, दुसरीकडे होतं, घड्याळजीच्या दुकानावर. लांबलचक एक टेबल, त्याला सहा खुर्च्या, आणि पूर्वेची खिडकी, जिच्यातून सकाळी ऊन थेट कागदांवर पडायचं. खाली दर तासाला पंधरा-वीस घड्याळं मागेपुढे वाजायची, आणि त्यातलं बरोबर कुठलं यावर वरच्या मजल्यावर वाद व्हायचा. हिरव्या पेन्सिलीने खूण करायची ती स्वतः तपासलेल्या नोंदीलाच. कुणी खूण केली की सर मागे उभे राहून विचारायचे, "पाहिलंस की ऐकलंस?"

पहिल्याच महिन्यात तिला एका कापडाच्या गोदामात माल तपासायला पाठवलं होतं. गोदामाचा कारकून सज्जन माणूस, बापाच्या वयाचा. सगळ्यात वरच्या फळीवरची खोकी काढायला त्याचे गुडघे दुखतात म्हणाला, सहा खोकी आहेत, लिहा. तिने लिहिलं, खूण केली. सरांनी प्रश्न विचारला तेव्हा ती खोटं बोलू शकली असती, पण जीभ रेटली नाही. "ऐकलं," ती म्हणाली. सर रागावले नाहीत. त्यांनी फक्त तिची छत्री तिच्या हातात दिली. ती परत गेली, शिडीवर चढली, खोकी मोजली. सहाच होती. त्या कारकुनाचा चेहरा इतका दुखावला होता की तिला रडू आलं. ते सांगितल्यावर सर म्हणाले होते, "तो खरं बोलत होता, हे त्याचं काम. तुझं काम वेगळं."

दोन वर्षांत त्यांनी हा प्रश्न किती वेळा विचारला असेल, देव जाणे. पुढे सोळा वर्षं कारखान्यात ती तोच प्रश्न स्वतःला विचारत राहिली. आयुष्यात तिला कुणी काही शिकवलं असेल तर ते या माणसाने, असं ती लेकीला नेहमी सांगायची.

"सापडलं," सर म्हणाले. त्यांनी लाल पाठीचं मस्टर टेबलावर उघडलं आणि धूळ हाताने पुसली. ती उठून त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिची ओळ सापडायला वेळ लागला नाही. रोज आल्याची वेळ आणि बाजूला छोटी सही. नऊ चार. नऊ सात. नऊ अकरा. नऊ सात. बस चुकायची, धावत जिने चढायची आणि तरीही ती खरी वेळ लिहायची, कारण सरांचं टेबल समोरच होतं.

सर पानं उलटत, आठवडे मोजत पुढे चालले. आणि मग एका पानावर तिची ओळ बदलली. नऊ. नऊ. नऊ. खालपर्यंत नुसते नऊ. पुढच्या पानावरही नऊ. आकडे टोकदार, उजवीकडे झुकलेले, सरांच्या हातचे. बाजूला सहीच्या जागी तिच्या नावाचं पहिलं अक्षर, कुणीतरी फार काळजीपूर्वक आणि फार वाईट काढलेलं.

त्या आठवड्यांत तिची आई शेवटच्या आजारात होती. पलंगाजवळ बसून तिने दिवस काढले. त्या काळी महिन्याच्या वर गैरहजेरी झाली की सगळी उमेदवारी रद्द व्हायची आणि पहिल्यापासून सुरू करावी लागायची. आता नुसती बेरीज पुरते, मधला खंड चालतो. सर एकदा भेटायला आले होते, दारातच उभे राहून म्हणाले होते, हजेरीचं मी बघतो. ते कसं बघितलं, हे तिने तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही नाही. गेल्या महिन्यापर्यंत ते तिला आठवतही नव्हतं. आठवलं ते परीक्षेच्या एकतिसाव्या प्रश्नाने. हाताखालचा माणूस घरच्या संकटामुळे येत नाही. वरिष्ठ त्याला दयेपोटी हजर दाखवतो. वरिष्ठाचं वागणं योग्य की अयोग्य. तिने अर्ध्या मिनिटात बरोबर उत्तर दिलं होतं, आणि नंतर रात्रभर तिला झोप नव्हती.

"एकशे चार," सर म्हणाले. "वर दोन दिवस. पुरलं बघ." त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि रकान्यात आकडा लिहायला हात टेकवला. दाखल्यावरचं वाक्य तिला दिसत होतं. हे काम मी स्वतः पाहिले आहे.

एवढ्या एका सहीसाठी ती अठरा वर्षं थांबली होती. गप्प राहिली असती तर झालं होतं.

"सर," ती म्हणाली, "हे अकरा आठवडे. पाहिलंत की ऐकलंत?"

पेन तसंच राहिलं. आत चहाच्या भांड्याचं झाकण वाजलं. सरांनी तिच्याकडे पाहिलं नाही, मस्टरमधल्या त्या नऊंकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झालेले तिला दिसले, आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"तुझी आई जात होती," ते म्हणाले. "त्यात काय पाहायचं होतं?"

सरांनी पेनाला टोपण घातलं, अर्जाची घडी केली आणि तिच्या पुढ्यात सरकवली. महिनाअखेर परवाना संपतो, हे माहीत आहे ना, एवढंच त्यांनी विचारलं. तिने मान हलवली. दोघांनी काकूंचा चहा घेतला.

जिना उतरताना तिला स्वतःचा भयंकर राग आला. ज्याने आपल्यासाठी जन्मातली एकुलती एक खोटी नोंद केली, त्यालाच आपण त्याच्या प्रश्नाने टोचलं. घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, तुला गप्प बसायला काय झालं होतं? अकरा आठवड्यांसाठी आता नवा परवानाधारक शोधायचा, आणि बेचाळिसाव्या वर्षी उमेदवार म्हणून कोण ठेवून घेणार? तिने अर्ज साड्यांच्या कप्प्यात तळाशी ठेवून दिला.

आठवडाभराने काकूंचा फोन आला. त्यांचा आवाज वैतागलेला होता, पण आतून खूष. गेले पाच दिवस घरात परीक्षा चालू आहे, म्हणाल्या. टीव्ही बंद, रेडिओ बंद, मोठ्याने भांडी घासायची नाहीत. त्या नियमांच्या पुस्तकाच्या समासात ह्यांनी इतकी भांडणं लिहून ठेवलीत की मूळ मजकूर दिसेना. काल एकदाची दिली परीक्षा. आणि निरोप असा आहे की वाचनालयाची पुस्तकं मोजायचं काम अजून ह्यांच्याकडे आहे, शिवाय दोन संस्थांच्या तपासण्या. सोमवारी नऊ वाजता.

तिने कारखान्यातली साठलेली रजा एका दमात मागितली. साहेबाने डोळे मोठे केले, पण सोळा वर्षांत तिने एखाद्या दिवसापलीकडे रजा कधी मागितलीच नव्हती, त्यामुळे नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं.

सोमवारी बस चुकली. ती धावत जिने चढली. दार उघडंच होतं. जेवणाचं टेबल खिडकीपाशी ओढलेलं, त्यावर दोन हिरव्या पेन्सिली, वाचनालयाची यादी आणि एक नवं कोरं मस्टर. सर पलीकडच्या खुर्चीत ताठ बसले होते. भिंतीवर परवान्याचा नवा कागद टाचला होता, त्याची शाई अजून ताजी वाटत होती.

तिने घड्याळाकडे पाहिलं, मस्टर उघडलं आणि पहिल्या ओळीत लिहिलं, नऊ सात. बाजूला सही केली. सरांनी ते वाचलं आणि हं केलं. ती खुर्चीत बसली. पेन्सिल आपोआप अंबाड्यात गेली.

"किती पडले, सर?"

"अठ्ठ्याण्णव."

"म्हणजे एक चुकला." तिला हसू आवरेना. "पुस्तक उघडं ठेवून. कुठला, ते कळायचं नाही आता."

"मला माहीत आहे कुठला." सर यादीचं शेवटचं पान काढत होते. "तो हजेरीचा."

तिचं हसू थांबलं.

"त्याचं उत्तर तर पुस्तकात सरळ दिलंय, सर."

"हो. पान एकशे बारा," सर म्हणाले. "वाचलं मी. चल, मागून सुरू करू."